चष्म्याच्या घराएवढा कल

हेंद्रे काका म्हणाले,
सुई एकच आहे गं माझ्या हातात,
कापडावर मात्र सात दिसतात.

शीतलामाता बाजारात साड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली
त्यांची बैठक. नाव दिगंबर,
आणि सगळा जन्म गेला लोकांच्या कापडात.
उंदरानं कुरतडलेला महेश्वरीचा काठ,
शालूवर उदबत्तीचं भोक,
कोटाच्या कोपराला पडलेली खिडकी.
पदराच्या आतला धागा उसना घेऊन
ते भोकाला भोक असल्याचं विसरायला लावतात.
डोक्यावर मीच लावून दिलेली पट्टी,
उघडी, मीटरला साठ दिवे,
आणि प्रत्येक दिवा आपापली सुई पाडत होता.

चूक माझी होती.
दिवसभर मी पीथमपूरला दुसऱ्यांची मोजमापं तपासते.

संध्याकाळी बसमधून उतरले ती महाराणी रोडवर.
हसानंदनं दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला,
देखो दीदी, एकदम दूध.
मागे टेकलेली त्याची बोटं मला मोजता येत होती.
त्यानं हात जरा मागे नेला,
बोटांचा ढग झाला,
आणखी मागे, तर हातच नाही.
तिथेच, गिऱ्हाइकांच्या धक्क्यात, बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं:
दोन दिव्यांत सतरा मिलिमीटर,
तर दिवा आणि पडद्यात पंचवीस तरी.
कमी ठेवलं की ठिपके.
फार ठेवलं की पेटी जिन्याखाली मावायची नाही.

पट्टी उभी वाकते, आडवी वळत नाही.
म्हणून तांब्याच्या खुणेवर कापली, दहा तुकडे,
एकाखाली एक चिकटवले
आणि केसाएवढ्या तारांनी पुन्हा एकमेकांना जोडले.
नवव्या जोडाशी डुलकी लागली.
कुर्त्याच्या बाहीला कथिलाचा थेंब.
रात्री साडेबाराला लावून पाहिलं:
पहिली ओळ लख्ख,
दहावी तापातून उठल्यासारखी.
पाच मीटर तांब्यातून जाता जाता वीज दमते,
हे मला माहीत होतं. माहीत असून
एकाच टोकाला तार जोडली होती.

आई पाणी प्यायला उठलेली, दारातून बघत होती.
पंगतीत शेवटच्या पानाचं असंच होतं, म्हणाली,
वाढपी दोन्ही बाजूंनी सोड.
मग दुसऱ्या टोकालाही तार दिली,
दहावी ओळ जेवली.

रविवारी जिन्याखाली दिवा बसवला.
दुधाची साय पसरावी तसा उजेड,
ठिपका नाही, पट्टा नाही,
सुईची सावली शोधूनही सापडेना.
मी मनात स्वतःला शंभर गुण देऊन टाकले.
काका बराच वेळ शालूवर वाकून बसले.
मग चष्मा काढून पुसला. परत लावला.
छान आहे, म्हणाले, फार छान आहे,
पण वीण दिसत नाही.

मी वाकून पाहिलं.
खरंच दिसत नव्हती.
धागा वर कुठे, खाली कुठे,
ताणा कुठला, बाणा कुठला,
सगळं कागदावर छापल्यासारखं सपाट.
इतका सारखा उजेड की कशालाच पाठ नाही.

काकांनी चष्म्याचं घर उचललं
आणि दिव्याच्या डाव्या पायाखाली सरकवलं.
एवढंच.
उजेड कापडावरून घसरत गेला,
आणि प्रत्येक धाग्याच्या उजव्या अंगाला
एक बारीकशी काळी रेघ उठली,
भोकाच्या कडेपर्यंत येऊन थांबलेली.
हां, म्हणाले, आता बोलतंय.

वहीत मी कल मोजून लिहिला, अकरा अंश.
पुढे खुलासा लिहायला जागा सोडली,
ती अजून तशीच आहे.

पैसे मी घेतले नाहीत.
ते म्हणाले, मग बाही दे इकडे.
चार दिवसांनी कुर्ता परत मिळाला.
घरी खिडकीत धरून पाहते तेव्हा
कुठे जळलं होतं ते सापडत नाही,
जरासा तिरका करावा लागतो.